पाठमोरा फोटो

आमच्या क्षितिजला एका जागी बसवत नसे. अड्यारच्या घरात दोन ओळी टाइप करायच्या, येरझाऱ्या घालायच्या, पुन्हा बसायचं. टोपणनावाच्या ब्लॉगवर तो सगळ्यांची सालटी काढायचा: हिरोच्या कटआउटवर दूध ओतणारे भक्त, समलिंगींच्या बातमीला हटकून पाठमोराच फोटो छापणारे पेपर. ‘मूर्खांनो, आम्हाला तोंडं नाहीत का?’ असं त्यानं ठणकावून लिहिलं होतं.

२००९ मध्ये तो समलिंगींच्या मोर्चाला गेला आणि कॅमेरे दिसताच गर्रकन वळला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचीच पाठ! त्यानं पेपर गादीखाली कोंबला, पण आईनं तो आधीच वाचला होता.

“टी. नगरहून मीच आणलेला शर्ट तो,” ती म्हणाली. “मोर्चाला जातोस, मग पोक काढून काय चालतोस? ताठ चाल!”