हरण्याची घुंगरमाळ

राम राम मंडळी. आज बेंदूर, बैलांचा सण, पण उंब्रजजवळच्या आमच्या कसायाकडनं सोडवून आणलेल्या जनावरांच्या गोठ्यात कुणाचं मन लागंना. परवा हरण्या बैल गेला. त्याचा जोडीदार चिमण्या आंधळा, हरण्याच्या घुंगरांच्या आवाजामागं चालायचा. आता तो बसल्या जागचा उठंना, पाण्याला तोंड लावंना.

हरण्याची माळ मी गोठ्यातल्या एका गाईच्या गळ्यात घालाय लागलो, तशी कारभारीण कडाडली, "आवं, गेलेल्याची माळ दुसऱ्याला घालत्यात व्हय?"

"मग चिमण्याला बी मातीत घालायचा का?"

मग तिनंच माळेला हळदकुंकू लावलं आणि गाईला बांधली.

गाय चालली, घुंगरं वाजली. चिमण्यानं कान टवकारले, धडपडत उठला आणि तिच्यामागं हौदापर्यंत जाऊन पोटभर पाणी प्याला.

"हरण्या अजून वाट दावतोय बघा," कारभारीण म्हणाली.

रीत मोडली खरी. तुमी काय केलं असतं?