बारवेकाठची पंगत

मनकर्णाकाकूंना गावच्या बैठकीचं बोलावणं लागत नाही. त्या येतात, देवळातल्या खांबाला टेकून गुडघा चोळत बसतात, सगळ्यांचं सगळं ऐकून घेतात, आणि लोक उठून चपला शोधायला लागले की मग बोलतात. गेल्या वर्षी मारुतीच्या सप्त्याची बैठक अशीच उठत होती, तेव्हा मागून आवाज आला, "सर्जेराव, यंदा पत्रावळ्या आणू नका."

सर्जेराव सप्त्याच्या मंडळाचे अध्यक्ष. सात दिवस भजन-कीर्तन झालं की काल्याच्या दिवशी सगळ्या गावाला जेवण असतं. शेजारच्या वाड्यावस्त्यांवरची माणसंही येतात. शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला असलेले भाडेकरूही आता पंगतीला बसतात. चंदेरी कागदाच्या पत्रावळ्या, द्रोण, पाण्याचे ग्लास असं सगळं दरवर्षी सर्जेरावच आणायचे. जेवणं झाली की वारा सुटायचा आणि हे सगळं उडत देवळामागच्या बारवेत जायचं.

आमची बारव दगडी, पायऱ्या-पायऱ्यांची आहे. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा तिचंच पाणी भरायच्या. पुढं नळ आले आणि बारव गावाची कचराकुंडी झाली. त्या बैठकीच्या आधी, संक्रांतीनंतर, काकूंनी बचत गटाच्या आम्हा बायकांना टोपल्या घेऊन पायऱ्यांवर उतरवलं. आधी लोक वरून बघून हसायचे. मग गडीमाणसं आली, सुट्टीच्या दिवशी कारखान्यातली आली. पत्रावळ्यांचे थरच्या थर निघाले, खाली गाळ निघाला, तो शेतांत गेला. आणि एका सकाळी तळाशी पाणी दिसलं. मी घरी जाऊन निरांजन घेऊन आले. काकूंनी पहिला तांब्या मारुतीच्या पायांवर घातला आणि डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

म्हणून त्या पत्रावळ्यांना आडव्या आल्या होत्या.

"मग काय काकू, लोकायच्या हातावर वाढायचं?" सर्जेराव म्हणाले.

"ताटात वाढा."

"एवढी ताटं काय मारुती देणार हाय?"

"ज्यानं त्यानं आपल्या घरच्या गेलेल्या माणसाच्या नावानं एक ताट देवाला द्यायचं. नाव टाकून. वर्गणी मागितली की तुम्ही दारामागं लपता. आई-बापाच्या नावाला कोण लपंल?"

लोक हसले. सर्जेरावही हसले, पण माघार त्यांच्या स्वभावात नाही. "आणि धुणार कोण? गुडघ्याला इचारलंय का?"

काकू खांब धरून उभ्या राहिल्या. "पंगत अडली ना, तर ह्या देवळात पुन्हा कधी तोंड उघडणार नाय. खुशाल पत्रावळ्या आणा आन् बारव भरा."

"ऐकलं का रे सगळ्यायनी?" सर्जेरावांनी टाळी वाजवली.

पुन्हा कचरा पडला असता तर ती बारव उपसायला दुसऱ्यांदा कोणी उतरलं नसतं, हे काकूंना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

ताटं मात्र आली. ज्यांनी कधी वर्गणीची पावती फाडली नाही त्यांनीसुद्धा दिली. शहरात गारखेड्याला राहायला गेलेल्यांनी पैसे पाठवले आणि वर फोन करून सांगितलं, नावाआधी 'कैलासवासी' घाला बरं का. एका म्हाताऱ्यानं तर मेलेल्या बैलाच्या नावानं ताट दिलं, पाखऱ्या. लोक म्हणाले, माणसांच्या पंगतीत जनावर कशाला? काकू म्हणाल्या, "त्यानं जन्मभर गावाला खाऊ घातलं. तुम्ही काय केलं?" सर्जेरावांनीही आईच्या नावाचं दिलं. सगळ्यांत जाड.

शहरात, शहागंजातल्या भांड्यांच्या दुकानात मी आणि काकू नावं कोरून घेत बसलो होतो. मशीन चालवणारे चाचा घामाघूम झाले. "अम्मा, इत्ते लोगां मर गए क्या एकीच गाँव में?"

"मेले नाय भाऊ," काकू म्हणाल्या, "जेवायला यायलेत."

काल्याचा दिवस उजाडला. कीर्तन झालं, दहीहंडी फुटली, मांडवात पंगती धरल्या. वांग्याची भाजी, पोळ्या, वरण-भात, बुंदी, सगळं तयार. ताटं वाटायला सुरुवात झाली आणि आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात न आलेली गोष्ट घडली. जो तो आपल्या माणसाचं ताट शोधायला लागला.

"आमच्या आबाचं कोणाकडंय?"

"ओ मावशी, ते माझ्या सासूचं हाय, इकडं द्या!"

"मी बसले की आता त्यात!"

"बसले म्हंजी? नाव वाचा ना!"

निम्मी पंगत उभी राहिली. लोक एकमेकांच्या हातातली ताटं उलटीपालटी करायला लागले. एकाला भावकीतल्या वैऱ्याच्या आजोबाचं ताट आलं, तर तो म्हणे, मी उपाशी जाईन पण यात जेवणार नाही. वाढपी बादल्या घेऊन ताटकळले. भात गार व्हायला लागला. मागं एक लेकरू भुकेनं रडायला लागलं, त्याचं बघून दुसरं.

सर्जेराव ओट्यावर चढले. देवळाच्या बाजूला ताडपत्री झाकलेला एक टेम्पो सकाळपासून उभा होता, तो कशाला ते आत्ता कळलं. "सत्यम," त्यांनी पुतण्याला हाक मारली, "टेम्पोची दोरी सोड. पत्रावळ्या उतरव."

मी काकूंकडं बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. मी मनात मारुतीचं नाव घेतलं. दुसरं हातात काहीच नव्हतं.

काकू कीर्तनाच्या जागी गेल्या आणि माईक तोंडाशी धरला.

"बसा. सगळे बसा. ज्याच्या हाती जे ताट आलं, तो आज त्या घरचा पाहुणा. ज्याचं नाव हाय ते माणूस तुम्हाला वाढायला आलंय. आपल्याच घरी कोणी पाहुणा होतंय का? तुमच्या आबाच्या ताटात आज दुसरं कोणी तरी जेवायलंय, आबाला पुण्य लागू द्या की! जेवा. आन् मग ताट सोताच्या हातानं धुवायचं आन् त्या घरच्या माणसाच्या हातात द्यायचं. उष्टं कोणी ठेवायचं नाय."

मग मधूनच एक जाडजूड गडी ताट वर धरून ओरडला, "मी पाखऱ्याचा पाहुणा हाय! मला वैरण वाढा!"

हसण्याचा जो लोट उठला त्यात सगळी पंगत खाली बसली. वैऱ्याच्या आजोबाचं ताट धरून उभा होता तोही बसला, मान खाली घालून. पुंडलिक वरदेचा गजर झाला आणि बादल्या पळायला लागल्या.

धुण्याची जागा आम्ही बारवेपासून लांब, नव्या लावलेल्या झाडांकडं केली होती. राख, चिंच आणि पाण्याचे ड्रम ठेवले होते. एकही ताट टाकून कोणी गेलं नाही. जाणार कसं? दुसऱ्याच्या गेलेल्या आईचं ताट उष्टं ठेवायची कोणाची छाती होईल? ज्या गड्यांनी घरी कधी वाटी विसळली नव्हती ते ओळीनं बसून घासत होते, आणि त्यांच्या बायका कमरेवर हात ठेवून वरून सांगत होत्या, "कडा राहिल्या! मागूनबी घासा!" ताटं या हातातून त्या हातात आणि तिथून परत देवळात जात होती. देणारा म्हणायचा, तुमच्या आबाकडं जेवलो. वर्षानुवर्षं न बोललेली घरंही त्यात होती.

सर्जेराव टेम्पोजवळच उभे होते. कारखान्यात काम करणारी एक बिहारी बाई नाव विचारत विचारत त्यांच्यापर्यंत आली. ताट पदरानं कोरडं केलं, कपाळाला लावलं आणि म्हणाली, "बाबूजी, माताजी की थाली. बहुत पेट भर के खाया."

सर्जेरावांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं. बराच वेळ त्यावरच्या नावावर अंगठा फिरवत राहिले. मग सत्यमला म्हणाले, "जा, माल दुकानदाराला वापस करून ये." आणि बुंदीची बादली उचलून शेवटच्या पंगतीत वाढायला लागले. त्या पंगतीला काकू बसल्या होत्या. नको नको म्हणेपर्यंत त्यांच्या ताटात सर्जेरावांनी बुंदीचा ढीग केला.

संध्याकाळी रोजच्यासारखा वारा सुटला. आम्ही बायका बारवेवर गेलो. पाण्यावर फक्त कडुलिंबाची वाळकी पानं होती. काकू पायरीवर बसल्या आणि पाण्याला हात जोडले.

यंदा आसपासच्या गावांतून लग्नाकार्याला आमची ताटं मागायला लोक येतात. देताना सर्जेराव ओट्यावर बसून त्यांना पंगतीचा नियम अगदी बारकाईनं समजावून सांगतात, पाहुणा म्हणजे काय, धुऊन हातात का द्यायचं, सगळं. वर म्हणतात, "आमच्या गावात पहिल्यापासून पद्धतच हाय तशी."

मी परवा चिडून काकूंना म्हटलं, "ऐकताय ना? पहिल्यापासून म्हणे!"

"सांगू दे की, करुणा," काकू म्हणाल्या. "माझी म्हणून सांगितली तर माझ्यासंगं जाईल. गावाची झाली म्हंजी राहील."