सहावी गोळी

माझे वडील शब्दाला महाग होते. पस्तीस वर्षं त्यांनी सोलापूरच्या पूर्व भागात एका कारखान्यात चादरी विणल्या. मागाच्या खटखटाटात कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून मागावरची माणसं कमी बोलतात, असं आई आम्हाला समजवायची. मला ही सबब कधीच पटली नाही. त्याच कारखान्यातले शेजारचे काका गल्लीभर बडबडत फिरायचे.

आमच्या घरात तेलुगू. वडिलांना आम्ही नायना म्हणतो. बी.एस्सी. झाल्यावर पुण्याला जीवरसायनशास्त्र शिकायला मला प्रवेश मिळाला. ते पत्र मी नायनांपुढं ठेवलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी पत्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "वद्दु." म्हणजे नको. का नको, ते नाही. आईनं ब्र काढला नाही, आणि मलाही विचारायचं धाडस झालं नाही. दोन वर्षांनी भाऊ पुण्याला गेला, त्याला कुणी वद्दु म्हणालं नाही. मी बी.एड. केलं आणि शाळेत विज्ञान शिकवायला लागले. गेली सव्वीस वर्षं मी मुलांना भाकरीचा तुकडा चावायला लावते, आणि तो गोड लागायला लागला की सांगते, हे लाळेतल्या विकराचं काम, एंझाइमचं. माझं जीवरसायनशास्त्र तेवढ्यावर थांबलं. त्याचा राग मी दाखवला नाही, पण सोडलाही नाही.

आई गेली, भाऊ पुण्याचाच झाला, मी लग्न केलं नाही. घरात नायना आणि मी, आणि बोलायला टीव्ही. गेल्या वर्षी त्यांना धाप लागायला लागली. इतक्या वर्षांचं सुताचं तूस छातीत बसलंय, फुप्फुसांना सूज आहे, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी स्टिरॉइड लिहून दिलं. सकाळी नाश्त्यानंतर सहा गोळ्या, महिनाभर. मग दर आठवड्याला एक कमी. "मनानं कमी-जास्त करायचं नाही मॅडम. एकदम बंद तर अजिबात नाही." मी विज्ञानाची शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी कागदावर चित्रसुद्धा काढून दाखवलं. बाहेरून तयार माल येतोय म्हटल्यावर शरीरातली ती ग्रंथी आपलं काम बंद करून बसते. तिला पुन्हा कामाला लावायचं तर हळूहळूच लावावं लागतं.

आठव्या दिवशी नायना बोलायला लागले.

आधी भूक वाढली. एक भाकरी खाणारा माणूस शेंगाचटणीबरोबर तीन-तीन भाकऱ्या खायला लागला. झोप उडाली, पहाटे पाचला आंघोळ करून तयार. आणि बोलणं! तेही मराठीत, गल्लीतल्या लोकांशी बोलतात तसं. कारखान्यातला पहिला दिवस, आईला बघायला गेले तेव्हा चपला बदलून आलेला गोंधळ, मी लहानपणी मागाखाली झोपायचे ते. मी शाळेला उशिरा जायला लागले. पन्नाशीला आल्यावर मला बोलणारा बाप मिळाला होता, आणि मी खुळ्यासारखी खूश होते.

हे औषधाचं काम आहे हे मला कळत नव्हतं असं नाही. मोबाइलवर सगळं वाचलं होतं. आपल्याच शरीरातल्या कॉर्टिसोलचा हा बनावट, जास्त जोरकस भाऊ. तो मेंदूच्या पेशीत शिरतो आणि कुठलं विकर किती बनवायचं याचे हुकूमच बदलतो. डोपामिन बनवणाऱ्या विकराचं काम वाढतं, सेरोटोनिनचा मेळ बिघडतो, आठवणी सांभाळणाऱ्या भागावर ताण येतो. कुणी उदास होतं, कुणी तरतरीत, कुणाला भ्रम होतात. वाचलं आणि मोबाइल बाजूला ठेवला.

महिना संपायच्या दिवशी सकाळी ते चहा पिताना म्हणाले, "ते तुझं पुण्याचं..." आणि तेवढ्यात दारात दूधवाला आला. दुसऱ्या दिवसापासून पाच गोळ्या. त्या दिवशी ते गप्प होते. तिसऱ्या दिवशीही गप्प. मी दोनदा पुण्याचं नाव काढलं, त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. एका गोळीनं एवढा फरक पडत नाही, हे मला आज कळतं. कदाचित ते नुसते दमले असतील. पण तेव्हा इतक्या वर्षांचं उत्तर माझ्या आणि त्यांच्यामध्ये एका गोळीवर अडकलं होतं. मेडिकलवाल्यानं ओळखीनं जादा पट्ट्या दिल्या होत्या. चौथ्या दिवशी मी वाटीत पुन्हा सहा गोळ्या टाकल्या.

तीन दिवसांनी ते बोलले. भाकरी मोडता मोडता, माझ्याकडं न बघता.

"तुला पुण्याला जाऊ द्यायला पायजे होतं. चुकलं माझं. तू लई हुशार. गेली असतीस तर परत आली नसतीस, याचं भ्या वाटलं मला. पोरगा गेला तर चालंल असं वाटलं, तू गेलेली चालणार न्हाय."

मी ओट्यापाशी उभी राहून रडले. आनंदानं, रागानं, दोन्हीनं. ज्याच्यावर जीव जास्त त्याचेच पाय बांधायचे, ही कुठली माया? तरी ते ऐकायला मला इतकं बरं वाटलं की गोळ्या मी सहाच्या सहा चालू ठेवल्या. सगळे मिळून अकरा दिवस.

अकराव्या दिवशी शाळेतून आले तर दार आतून बंद. गल्ली गोळा झालेली. नायना आतून ओरडत होते, "ती मला गोळ्यांत कायतरी घालते! डॉक्टरनं सांगितलं एक आन् ही देते एक! मारणार हाय ही मला!" शेजारच्या काकांनी खिडकीतून हात घालून कडी काढली. नायना कोपऱ्यात बसले होते, घामानं भिजलेले, आणि माझ्याकडं असे बघत होते की मला उंबरा ओलांडता येईना. दवाखान्यात साखर चारशेच्या वर निघाली.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन धीर दिला. "भ्रम आहे तो, मॅडम. या औषधानं होतं काही जणांना. मनावर घेऊ नका." मग विचारलं, "सध्या किती चालू आहेत?"

"चार," मी म्हणाले. "तुम्ही सांगितल्याप्रमाणं."

भ्रमात बोललेलं त्यांचं तेवढंच खरं होतं, आणि तेवढंच सगळ्यांनी भ्रम म्हणून सोडून दिलं. माझी तर सुटकाच झाली. पण त्या दिवसापासून एक हिशेब मला सुटत नाही. विष घालते म्हणणारा नायना जर गोळीचा, तर चुकलं माझं म्हणणाराही गोळीचाच. आणि तो माफी मागणारा जर माझा बाप असेल, तर मला घाबरून कोपऱ्यात बसलेलाही माझाच बाप. एक औषधाचा आणि एक माझा, अशी वाटणी मला करता येत नाही. विकरं शिकवणाऱ्या बाईला एवढंही सांगता येऊ नये, याची मला लाज वाटते.

साखर आटोक्यात आल्यावर गोळ्या पुन्हा उतरत गेल्या, या वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तीन, दोन, एक, अर्धी. मागावर सूत कापायच्या छोट्या कात्रीनं मी अर्धीची पाव करायचे. जेवण एका भाकरीवर आलं. बोलणं हूं आणि हूंहूंवर. पाव गोळी चालू असताना एकदा मी धीर करून विचारलं, "नायना, पुण्याचं बोलला होता तुम्ही. आठवतंय?"

"गोळीच्या नादात कायबाय बोललो आसंन," ते म्हणाले. "मनावर घेऊ नकोस." डॉक्टरांचंच वाक्य. मला नायनांचा इतका संताप आला की ताट तसंच टाकून मी उठले.

गोळ्या बंद होऊन आता चार महिने झाले. धाप बरी आहे. परवा सकाळी मी भाकरी थापत होते, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. काहीतरी ओठावर होतं आणि निघत नव्हतं, हे मला पाठमोरीलासुद्धा कळत होतं. मग हळूच म्हणाले, "त्या गोळ्या उरल्यात का गं?"

एक पट्टी आहे. माझ्या कपाटात, त्या पुण्याच्या पत्राबरोबर. कशाला हव्यात, काय सांगायचंय, गोळीवाचून सांगता येत नाही का, असं सगळं विचारायचं होतं मला. मी त्यांच्याकडं वळून बघितलं.

"वद्दु," मी म्हणाले.

का, ते त्यांनी विचारलं नाही. मी भाकरी उलटली.