डाव्या पट्टीचा एकच खिळा

दोस्तहो, आज ताईच्या सासरी सागाच्या फळ्यांचं खणांचं कपाट करून राह्यलो होतो. खण ज्या दोन पट्ट्यांवर सरकतो, त्यातली उजवी पक्की ठोकली. डावीले एकच खिळा मारला, तेवढ्यात रस्त्यानं दंडारवाले नाचत, ढोलकी वाजवत खेळाले निघाले. झालं, मी त्यांच्यामागं.

परतलो तर ताईनं खण भरून ओढला होता. पट्टी निखळून सासूबाईंच्या चिनीमातीच्या बशा फुटल्या होत्या.

"हात हायेत का फावडे?" सासूबाई ताईवर कडाडल्या.

"माह्याच हातून जोरात ओढल्या गेलं, आत्याबाई," ताई म्हणाली. मग माह्याकडं वळली, "तू जेवून घे, बापू. दमला असशीन."

मी जेवलोही.

आता पट्टी घट्ट ठोकलीये. सासूबाई ताईशी अजून बोलत नाईत. खरं सांगायले उठतो अन् परत बसतो. तुम्ही बोलले असते का?