बटईचा खड्डा

म्हैस पोटापर्यंत जमिनीत गेली होती. तिला ओढायला धावलेली बाई शेजारीच आडवी पडली होती, तोंडाला फेस, अंगावरचं लुगडं चिंब. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. कपाशीवर मारायच्या औषधाचा वास, पण इतका उग्र की डोळे उघडे ठेवता येईनात.

पेडगावच्या बाजूला समन्स बजावून आम्ही परभणीकडे परतत होतो. बाईच्या नवऱ्याने रस्त्यात आडवं होऊन जीप थांबवली. मी हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, तिला बांधापलीकडे ओढलं, भिजलेलं लुगडं फेडून फेकलं आणि कॅनमधलं सगळं पाणी तिच्या अंगावर ओतलं. आमचा ड्रायव्हर तोंड फिरवून उभा राहिला आणि पाठीमागे हात करून स्वतःची चादर दिली. सरकारी दवाखाना येईपर्यंत मी तिची मान एका कुशीवर धरून बसले. रडले नाही. मला ते जमत नाही.

मी चौथी शिकलेली. नवरा पोलिसात होता, तो वारल्यावर त्याच्या जागेवर मला घेतलं, आणि जमादार होऊन मी निवृत्त झाले. आमचं ठाणं तेव्हा कौलारू होतं. बिनतारी यंत्राची खरखर, दारातला कडुनिंब, ढकलल्याशिवाय सुरू न होणारी जीप. आता तिथे काचेची इमारत आहे. चांगली आहे. पण मला आपली ती खरखरच आठवते.

दुसऱ्या दिवशी पंचांना घेऊन खड्डा उकरला. खाली औषधांचे डबे, लेबलं खरवडलेली, वर हातभर माती. पावसाने माती खचली, म्हशीचा पाय गेला, डबे फुटले. विहीर तिथून हाकेच्या अंतरावर होती, आणि जमीन काळी, सगळं शोषून घेणारी.

तक्रार द्यायला जमिनीचा मालक स्वतःच ठाण्यात आला. इस्त्रीचा शर्ट, शहरात राहणारा, शेत बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, दिलेलं. बटईदार म्हणजे त्या बाईचा नवरा.

"साहेब, मी तिकडं फिरकत बी न्हाई," तो आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांना म्हणाला. "त्यानंच कुणाला तरी खड्डा दिला असंल. गरीब दिसतो, पण लय आतल्या गाठीचा हाय."

मी मनात म्हटलं, कोणी विचारायच्या आधीच हा उत्तर घेऊन आलाय.

बटईदाराला व्हरांड्यात बसवलं. साहेबांनी दरडावून विचारलं, मी चहा पाजून विचारलं. तो जमिनीकडे बघत राहिला. मारहाण होऊ दिली नाही. मारून माणूस बोलतो, पण जे आपल्याला हवं तेच बोलतो.

"आरं, बायको तिकडं मरायलीय आन तू मुका झालास?" मी म्हटलं.

"बाई, तोंड उघडलं तर पाडव्याला जमीन जाती," एवढंच तो बोलला.

म्हणजे त्याला माहीत होतं. पण पाडव्याला बटई पुन्हा मिळायची ती मालकाच्या मर्जीने. गुन्हा अंगावर आला तर हा तुरुंगात आणि ती दवाखान्यात. बोलला तर जमीन गेली. दोन्हीकडून तोच मरणार होता.

गाठ सुटली ती चौकशीत नाही, खर्चाच्या बोलण्यात. तहसीलमधले अधिकारी ठाण्यात आले होते. ते म्हणाले, ही माती उचलून विषारी कचऱ्याच्या ठिकाणी न्यावी लागेल, विहीर उपसावी लागेल, तोवर वस्तीला टँकर. हे सगळं कोणी सोसायचं?

मालक लगेच पुढे सरकला. "आमची बटई हाय ना, साहेब. रीतच हाय. बी, खत, फवारणी, समदा खर्च अर्धा अर्धा. ह्यातला बी अर्धा त्यानं उचलावा."

बटईदाराने मान वर केली. इतक्या वेळात पहिल्यांदा.

"मालक, खर्च अर्धा असंल तर आमदनी बी अर्धी असती. त्या टेम्पोवाल्यानं तुमाला जे दिलं, त्यातलं माजं अर्धं कुटं हाय?"

साहेबांनी कपबशी खाली ठेवली. मालक म्हणाला, "काय बी बरळायलाय!"

"खताचा खड्डा हाय म्हनून तुमीच उकरून घेतला न्हाई का माज्याकडून?" बटईदार म्हणाला. "टेम्पो आला तवा तुमी बांधावर हुबं होता. मी इचारलं, तर म्हनलात, पाडव्याचं बग."

तो लबाडी करत नव्हता. रीतीचं बोलणं निघालं, म्हणून त्याने रीतीचंच विचारलं. बटईदाराला सगळं सोसवतं, चुकीची वाटणी सोसवत नाही. माझ्या माहेरी बटईच होती, मला हे ठाऊक आहे.

त्याचा जबाब घेतला. टेम्पोवरून औषधाचा व्यापारी सापडला; माल त्याचाच, मुदत संपलेला. व्यापारी म्हणे, जागा मालकाने दिली. मालक म्हणे, विष त्याचं. ठाण्यात दोघे असे भांडले की शिपायांना मध्ये पडावं लागलं. दोघांवर गुन्हा दाखल झाला. साफसफाईचा आदेश वरच्या कचेरीतून आला. माती उचलणं आणि वाहून नेणं व्यापाऱ्याकडे, नवी माती, विहीर आणि टँकर मालकाकडे. बटईदाराकडे काही नाही. तरी तो फावडं घेऊन निघाला होता. मी फावडं काढून घेतलं. म्हटलं, "गप दवाखान्यात जा. अर्धं तुजं तिथं पडलंय." तो हसला. त्याला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

ती जमीन त्याला पाडव्याला मिळाली नाही. पलीकडच्या शिवारात दुसऱ्याची मिळाली.

पुढच्या नोकरीत मी एक गोष्ट पाळली. नुकसानीची वाटणी करायला जो सगळ्यात आधी पुढे येतो, त्याला आधी कमाईचं विचारायचं. अजून चुकले नाही.

म्हैस खड्ड्यातच मेली. गोठ्यातली तिची वगार जगली. ती बाई जगली.