समितीतली मुलांची खुर्ची

सरोजिनीबाईंचा आठवडा एकाच दिवसाचा होता. सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या फ्लॅटमधून मुलगा प्रबोध आणि सून सकाळीच ऑफिसला जात, नातू विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत देई, आणि बाई भाजी निवडत रविवारची वाट बघत. रविवारी गाड्या बदलत बुकित बातोकला जायचं आणि तिथल्या हॉलमध्ये मोठ्या मुलांचा मराठी वर्ग घ्यायचा. अकरा वर्षं, एक पैसा न घेता. पुण्यात सारी हयात शाळेत घालवलेल्या या बाईला आता ‘बाई’ म्हणणारं तेवढंच ठिकाण उरलं होतं.

वर्गाच्या समितीवर मुलांचा प्रतिनिधी हवा, हा हट्टही त्यांचाच. दोन वर्षं त्यांनी अध्यक्ष निशिकांतरावांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे मुलांना एक खुर्ची मिळाली, मतासकट. मुलांनी चिठ्ठ्या टाकून पंधरा वर्षांच्या अनुयाला निवडलं. बाईंची लाडकी विद्यार्थिनी ती. बाईंनी तिला बजावलं, “तिथे स्वतःचं मत मिरवायचं नाही. मुलांनी सांगितलंय ते मांडायचं, समोर कुणी का असेना.”

मार्चच्या बैठकीत विषय निघाला, मोठा गट यापुढे कुणी शिकवायचा. निशिकांतरावांची बायको सुलेखा, तीही समितीवरच, टॅबलेटवरचा नवा अभ्यासक्रम घेऊन टपूनच बसली होती. पण बाईंना तोंडावर ‘आता तुम्ही नको’ म्हणायची एकाचीही छाती होईना. बँकांमध्ये शेकडो माणसं हाताखाली वागवणारे लोक हे, आणि इथे एकमेकांची तोंडं बघतात. मग काय केलं? पोरीला पुढे केलं.

“अनुया, मुलांचे अभिप्राय वाच,” निशिकांतराव म्हणाले. “वेळ कमी आहे, ‘काय बदलावं’ एवढाच रकाना.”

अनुयाने फॉर्म चाळले. “अंकल, ‘काय आवडतं’मध्ये पण खूप लिहिलंय.”

“ते आपण मिनिट्समध्ये घेऊ, बाळा.”

तिने वाचलं. बाई फार ओरडतात. बाईंना नीट ऐकू येत नाही. तीच गोष्ट परत परत सांगतात. बाईंच्या साडीला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. यावर कुणीतरी खुदकन हसलं. पाचजणांसमोर बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मतदान. दोन हात बाईंच्या बाजूने, दोन सुलेखाच्या. त्यातला एक सुलेखाचा स्वतःचा, पण लाज कुणाला वाटायची? निशिकांतराव म्हणाले, “मी तटस्थ. आता मुलांचं मत.”

अनुयाने बाईंकडे पाहिलं. बाई मांडीवरच्या पर्सचा बंद कुरवाळत राहिल्या. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी पोर सुटली असती, पण त्यांना तिचं मत हवं होतं आणि मागायचंही नव्हतं.

“मुलांनी नवीन टीचर लिहिलंय. मोस्टली,” अनुया पुटपुटली आणि तिने सुलेखाच्या बाजूने हात वर केला.

तो हात खाली येतो न येतो तोच सुलेखाने पिशवीतून शाल काढली, हळदकुंकू लावलेला नारळ काढला आणि फ्रेम केलेलं मानपत्रही काढलं. त्यावर बाईंचं नाव होतं, ‘कृतज्ञ निरोप’ होतं आणि आजची तारीख होती.

अनुयाने ते वाचलं. “अंकल, हे तर आधीच ठरलं होतं.”

“शाल तूच घाल,” निशिकांतराव म्हणाले. “मुलांच्या वतीने.”

ती शाल घालायला वाकली तेव्हा बाई तिच्या कानाशी हळूच म्हणाल्या, “छान वाचलंस हो. माझ्या अकरा वर्षांत फुकट गेलेली मुलगी तू एकटीच.”

पोरीचा दोष नाही, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. पण निशिकांतरावांना दोन शब्द सुनवायची त्यांचीही छाती नव्हती. वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

अनुया ओक्साबोक्शी रडायला लागली. समितीचे डोळे पाणावले. त्यातल्या शुभदाताई म्हणाल्या, “बघा, किती जीव आहे पोरीचा,” आणि त्यांनी फोटो काढला.

संध्याकाळी तो ग्रुपवर आला, ‘गुरू-शिष्येचा हृद्य क्षण’ असं खाली लिहून. प्रबोधने फोन आईपुढे धरला.

“आई, किती प्रेम करतात गं मुलं तुझ्यावर.”

“हो रे,” बाई म्हणाल्या.