जहाज महालाकडे पाठ

असे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. दिल्लीतल्या चार मराठी माणसांना घेऊन कुठेही निघा, परत येईपर्यंत पिशवीभर होतात! आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समधली मंडळी दर हिवाळ्यात सहलीला जातात, आणि मी त्यांना मेहरौलीच्या जहाज महालावर ओढून नेते. तलावाच्या काठावरचा जुना शाही महाल, निम्मा पडलेला. पाण्यात त्याचं प्रतिबिंब जहाजासारखं दिसतं म्हणून हे नाव. आमच्या लोकांनी तो एकदा तरी धड पाहावा, एवढीच माझी इच्छा. जास्त आहे का ती?

पहिल्याच वर्षी माझ्या ऑफिसातले कुलकर्णी दारात उभे राहून म्हणाले, "बस, एवढंच? आमच्या सोलापूरचा भुईकोट बघा म्हणावं!"

माझं डोकंच फिरलं. विचारलं, "आतून कसा आहे हो तो?"

"आतून कोण जातंय? शाळेत जाताना रोज बाहेरून दिसायचा की!"

दुसऱ्या वर्षी मी घुमटीवरच्या निळ्या फरशा दाखवत होते. मागे वळून पाहते तर कोणी नाही! वरच्या मजल्यावरच्या देशपांडे वहिनींनी चटई अंथरली होती आणि सगळे उन्हाकडे तोंड, महालाकडे पाठ करून बसले होते. मी चिडून हाक मारली.

"अगं, महाल कुठे पळून जातोय?" वहिनी म्हणाल्या. "थालीपीठ गार होतंय!"

याच वहिनी पुढच्या खेपेला घरच्या निर्माल्याची पिशवी घेऊन आल्या. तलाव आधीच प्लास्टिकने भरलेला, त्यात ही भर! पिशवी उलटी करणार, तेवढ्यात कोल्हापूरच्या रेहानाताईंनी त्यांचा हात धरला.

"वहिनी, काय करताय?"

"अगं, हे पाणी पवित्र मानतात ना?"

"म्हणूनच नको!" रेहानाताईंनी पिशवी काढून घेतली ती थेट गाडीत नेऊन ठेवली. परतीच्या वाटेवर वहिनी ती पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

भिंतींचं तर विचारूच नका. ज्याला त्याला दगडावर आपलं नाव कोरायचं असतं. अशाच दोन पोरांना मी हिंदीत झापत असताना बघते तर काय, कुलकर्णी हातात किल्ली घेऊन एका खांबाशी वाकलेले! मी ओरडलेच, "अहो, सरकारी नोकर ना तुम्ही?"

"मॅडम, जरा नावं वाचा. आपल्या महाराष्ट्राचं बिल्कुल रिप्रेझेंटेशन नाही!"

यंदा माझी नागपूरला बदली झाली. निरोपाला काय देऊ, असं सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, "यार, वस्तू नको. आपण सगळे आणि मागे जहाज महाल, असा एक फोटो द्या. दिल्लीतून मला तेवढंच न्यायचंय." लगेच सगळे मेहरौलीला आले. कोणी कुरकुर केली नाही, थालीपीठंसुद्धा फोटो झाल्यावर निघाली. मला खरंच भरून आलं.

निरोपाच्या दिवशी कुलकर्ण्यांनी भली मोठी फ्रेम हातात दिली. कागद फाडला. आम्ही सगळे होतो, हसत होतो. आणि आमच्या मागे हजारो दिव्यांनी लखलखणारा म्हैसूरचा राजवाडा!

"कुलकर्णी! माझा महाल कुठाय?"

"स्टुडिओवाल्याला सांगून बदलून घेतला, मॅडम. निरोपाच्या फोटोत पडकं बरं दिसत नाही. हाही महालच आहे की, आणि लाइटसकट!"